लेन्सच्या तोंडावरची काळी नळी

प्रिय वसंता,

उद्याच्या मोर्चाच्या वेळी शरद तुझी ती लांब लेन्स घेऊन तुमच्या परळच्या गॅलरीत उभा राहणार आहे. सुमतीवहिनींनी काल सकाळी मला स्वतः सांगितलं. म्हणून लिहितोय. तुझ्या धाकट्या भावाबद्दल दुसऱ्या कुणाशी बोलू?

गिरगावातला तो स्टुडिओ बंद होताना लेन्स स्वस्तात मिळाली, म्हणून किती खूश होतास! मग तिचा भार पेलायला जाड तिवई आली. कॅमेऱ्याला बसेना, तेव्हा गिरणीतल्या फिटरकडून कडं कातून घेतलंस. दमट हवेत काचेवर बुरशी धरू नये म्हणून आत दिवा असलेली पेटी. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावोजी, तुमच्या मित्रानं नळकांडं आणलंय. त्याचं बाळंतपण काही संपत नाही."

शेवटी ऊन अडवायची नळी राहिली. विकतची परवडेना. पत्र्याची करून घे, वर काळा रंग दे, हे मीच सुचवलं. लालबागच्या पत्रेवाल्याकडे तुला घेऊन गेलो तोही मीच. हातभर लांब झाली तेव्हा आपण दोघं हसलो होतो.

मागच्या मोर्चाच्या दिवशी खाली गोळीबार सुरू झाला आणि गॅलरीतले सगळे आडवे झाले. तू का नाही झालास? तिवई कलंडेल म्हणून तिला धरून उभा राहिलास. लेन्सच्या किमतीत हे आपण धरलंच नव्हतं. तुला लागलेली गोळी भरकटून वर आली की नेम धरून, ते अजून कुणी सांगत नाही.

मला मात्र कालपासून चैन नाही. शरद गॅलरीत सगळं लावून बघत होता आणि मी सहज नाक्यावरून वर पाहिलं. वसंता, खालून ती नळी बंदूकच वाटते.

तसाच वर गेलो. नळी काढ म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "ऊन समोरून येतं, भास्करदादा. नळी काढली तर फोटो पांढरा पडेल. मग दादा गेला कशासाठी?"



उद्याची बातमी पेपरात माझ्याऐवजी दुसरा कुणी लिहील. मी दुपारपासून शरदच्या शेजारी असेन. पहिला आवाज झाला की त्याला खाली ओढीन, तिवईसकट सगळं रस्त्यावर पडलं तरी चालेल. एवढा शब्द तुला देतो.

मोर्चा चारच्या सुमाराला चाळीखालून जाईल. पोलिसांच्या गाड्या त्याआधीच नाक्यावर लागतील, असं सगळे धरून चाललेत.

तुझा,
भास्कर