सोडल्याशिवाय हलायचं नाही

३ मार्च
पोचलो एकदाचा! या वर्षातलं हे माझं पाचवं काम. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे, एका जागी टिकशील तर शप्पथ. पण हे काम माझ्यासारख्यालाच शोभतं. टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण! आज गाणी, परवा सामना, नंतर कुणाचं तरी भाषण. नोकरी नाहीच, बोलावतील तिथं जायचं. कॅमेरावाल्याच्या मागे बसून केबल सोडायची, ओढायची, त्याच्या पायात येऊ द्यायची नाही. सातवीत शाळा सुटलेल्याला आणखी काय हवं? खोली गॅरेजच्या वर, ग्रीसचा वास फुकट. सोबतीला केबलवाले काका, वीस वर्षं याच धंद्यात. वही बघून म्हणाले, आमच्यात लिहिणारा तू पहिलाच, आता सांभाळून बोलावं लागणार.
घरी आई एकटीच, इथून दोन दिवसांच्या प्रवासावर. कार्यक्रम लागला की बघेन म्हणाली. म्हटलं, मी दिसायचा नाही गं, मी कॅमेऱ्याच्या मागे.

५ मार्च
आज तालमीत मला ‘बदली’ केलं. म्हणजे खरा गायक येईपर्यंत त्याच्या उंचीचा माणूस त्याच्या जागी उभा करतात, दिवे आणि कॅमेरे जुळवायला. स्टेजवर टेपची फुली, फुलीवर मी, गळ्यात गायकाच्या नावाची पाटी. डायरेक्टर बाई बाहेर व्हॅनमध्ये बसतात. हेडसेटमधून सांगतात, जरा डावीकडे, हनुवटी वर. शेवटी ‘सोडलं’ म्हणतात, मग हलायचं. सोडल्याशिवाय हलायचं नाही, असं काकांनी तीनदा बजावलं.
पाऊण तास झाला. पायांना मुंग्या. बाई काही बोलेनात. मी आपला उतरलो आणि चहाला गेलो. काकांनी विचारलं, सोडलं म्हणाल्या का? म्हटलं, त्या कसल्या म्हणतात, मीच सुटलो. मला वाटलं हसतील. ते ग्लास तसाच ठेवून उठून गेले.

६ मार्च
कार्यक्रम झकास झाला. लगेच आईचा फोन. खूश होती. म्हणाली, दिसलास की रे! गायकाच्या शेजारी, निळ्या शर्टात. किती शहाण्यासारखा उभा होतास, दोन तास जागचा हलला नाहीस. म्हटलं, आई, चष्मा पूस, मी दोन तास खाली उकिडवा होतो. तर म्हणते, आईला स्वतःचं पोर ओळखू येत नाही होय?
निळा शर्ट मी तालमीला घातला होता. कार्यक्रमात आम्हाला सगळ्यांना काळे कपडे लागतात.

९ मार्च
फुटबॉलचा सामना. माझा कॅमेरावाला वैतागला. फोकस सारखा मध्येच कशावर तरी अडतोय, म्हणाला, खेळाडूंच्या अलीकडे, आणि तिथं तर काहीच नाही. मध्यंतरात व्हॅनमध्ये डोकावलो. भिंतभर छोटे पडदे आणि एक मोठा. मोठ्यावरचं चित्र घरोघरी जातं. छोट्यांवर नुसतं मैदान. मोठ्यावर मी. निळा शर्ट, गळ्यात पाटी. पापणी लवत नव्हती.
बाईंना विचारलं, हा कोण? त्या म्हणाल्या, कुठला कोण?
आई फोनवर म्हणाली, आज किती जवळून दाखवलं रे तुला. काचेला नाक लागलं होतं.

१० मार्च
काकांनी अखेर तोंड उघडलं. म्हणाले, ज्याला सोडलं नाही तो तसाच उभा राहतो. उपाय एकच, त्याच जागी परत उभं राहायचं आणि बाईंकडून सोडवून घ्यायचं. बाईंना सांगितलं, तर त्या हसल्या. एवढंच ना, म्हणाल्या, गाण्याचं स्टेज अजून उभंच आहे, उद्या दुपारी ये.
आईला सांगितलं, तोवर टीव्ही लावू नकोस. ती म्हणाली, बंदच आहे रे. तरी दिसतोस.

११ मार्च
उभा राहिलो. तोच शर्ट. हेडसेटमध्ये बाई म्हणाल्या, सोडलं.
स्टेजसमोरच्या टीव्हीत तो हलला. पाटी काढली. मान वळवली. चालत चित्राबाहेर गेला.
माझे पाय उचलत नाहीत. हात तेवढे चालतात; वही आणि फोन खिशातच आहेत.
काका समोर आले. ओरडलो. ते माझ्याकडे बघत होते आणि बघत नव्हते. सुटला बिचारा, गेला वाटतं, असं पुटपुटले आणि दिवे घालवले.

१२ मार्च
गुडघे गेले. झाडणारी बाई येऊन गेली. झाडू माझ्या पायांतून आरपार.
तो कुठं गेला?

१३ मार्च
दोन दिवस — दोनच दिवसांचा प्रवास —
आईला फोन लावला. उचलला. विचारते, कोण बोलतंय? म्हटलं, मी, मी गं. म्हणाली, चेष्टा नको बाबा, माझा लेक आत्ताच आलाय घरी, न कळवता. भरदिवसा दाराला आतून कडी घालतोय, म्हणाली. वेडाच आहे. बोलत काही नाही, नुसता बघतोय.
म्हटलं, आई, बाहेर पड. ती म्हणाली, नीट ऐकू येत नाही.
ओरडतोय — जबडा आवळतोय —
त्याला म्हणतेय, अरे, किती गार पडलेत तुझे हात —
आई, हात लावू नको — मागचं दार उघडं असेल — बोटं पण आता — आई, मागच्या दा