सोने, निघू का?

अवो दत्ताचे बाबा,

तुम्हाले जाऊन तीन वर्षं झाली, अन् या तीन वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातही नीट बोलली नाही. कायले बोलू? रुसून होती मी. सून म्हणते, आई, गेलेल्या माणसावर कोणी रुसते का? मी रुसली, बाई! पण आज लिहून राह्यली, कारण आज सकाळी आपली लाँच गेली. मोठ्या ट्रेलरवर चढवली, साखळ्या आवळल्या, अन् नेली. दुसऱ्या कोणी तुम्हाले सांगण्यापेक्षा मीच सांगावं म्हटलं. अन् आणखी एक, जाता जाता तुम्ही एक गोष्ट विचारली होती. त्याचं उत्तर माझ्याकडे राह्यलं आहे.

पहिले धंद्याचं सांगते. बंद केला आपण. घाबरू नका, बुडाला नाही. दत्ताच्या कमरेनं जवाब दिला. धरणातल्या विहिरी बांधायले आता बाहेरचे लोक मोठाल्या मशीनी घेऊन येतात, अन् पलीकडच्या गावाले जायले पूल झाला. तराफ्यावर दगड, सिमेंट, पाइप लादायचे, पुढून लाँचनं ओढत न्यायचे, अन् छातीभर पाण्यात उभं राहून विहीर बांधायची, हे आपल्या घरानं अडतीस वर्षं केलं. काठच्या कितीक गावांच्या नळाले पाणी येते ते आपल्याच हातच्या विहिरींतून. "आपल्या आज्यापणज्यांनी बैलाच्या पाठीवर माल लादून लदेणी केली, मी पाण्याच्या पाठीवर करतो," असं तुम्ही येईन त्या पाहुण्याले सांगत होते. दत्तानं आता पुसदले पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे. नात तर म्हणते, आजी, मले पाणी पाहूनच चक्कर येते. झालं! सारा तांडा हळहळला.

मी नाही हळहळली. खरं सांगू? मी आज पुरणपोळी केली. सवत गेली ना माझी!

हो, सवतच. हसू नका.

माझ्या बापानं माझं नाव सोनी ठेवलं होतं. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यात कोणी "सोने" म्हटलं की मी असेन तिथून "ओ" देत होती, झाडावरून, विहिरीवरून, कुठूनही. लग्न होऊन तुमच्या घरी आली अन् पाहते तर काय, सासूचं नाव सोनाबाई! एका चुलीपुढे दोन सोन्या कशा चालतीन? सुनेले हाक मारायची तर सासूचं नाव तोंडी येणार. तुमच्या याडीनं, तुम्ही आईले याडीच म्हणत होते ना, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आजपासून तू सुमन." झाली मी सुमन. अन् तुम्ही? तुम्ही तर सुमनही कधी म्हटलं नाही. "ऐकतं का", "अवं", अन् पोरगा झाल्यावर "दत्ताची माय". एवढ्यावरच तुम्ही संसार उरकला.

याडी गेल्या, अन् दुसऱ्या वर्षी लाँच आली. निळा रंग, पांढरा पट्टा, अन् पुढच्या अंगाले लाल अक्षरात नाव: सोनाबाई. लोकांनी काय वाहवा केली तुमची! मायचं नाव ठेवलं, लेक असावा तर असा! मी ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. मनात म्हटलं, जे नाव माझ्या अंगावरून काढून घेतलं, ते या लोखंडाले कसं काय चाललं? तिले कुंकू लावताना माझा हात जरा जोरातच लागला. तुम्ही म्हटलं, "हळू, रंग ओला आहे."

माझी काळजी नाही, रंगाची!

मग तुमची ती हाक सुरू झाली. पहिल्याच महिन्यात तुम्ही मागं न पाहता लाँच हाणली, अन् दोर बांधलेलाच नव्हता. तराफा काठाले, तराफ्यावर बाबू मिस्त्री हात हलवून राह्यला, अन् तुम्ही ऐटीत अर्धं धरण एकटेच पार करून गेले! त्या दिवसापासून नियम झाला. तुम्ही सुकाणू धरून विचारायचं, "सोने, निघू का?" मागं मिस्त्रीनं दोर ओढून पाहायचा अन् पक्का असला तरच म्हणायचं, "ओ!" तो "ओ" आल्याबिगर तुम्ही लाँच बोटभर हलवत नव्हते. कान देऊन थांबत होते.

अन् मी काठावर धुणं धूत असायची. "सोने" ऐकलं की माझ्या तोंडात "ओ" येऊन बसे. लहानपणची सवय ती, ते काय लग्नानं जाते? एकदा निसटलाच. तुम्ही तिकडून विचारलं अन् मी इकडून मोठ्यानं "ओ!" देऊन मोकळी. बायका अशा हसल्या, अशा हसल्या की एकीचं पिळलेलं लुगडं पाण्यात वाहून गेलं. "अवं सुमन, तुले नाही, बोटीले बोलावून राह्यले ते!" मी खाली मान घालून धुणं बडवलं. तेव्हापासून तुमची हाक आली की मी दात दाबून बसू लागली.

काय काय सांगू? दर दसऱ्याले तिले नवा रंग, झेंडूची माळ, पेढे. मले तुम्ही लुगडं आणत होते, नाही म्हणत नाही, पण ते नेसल्यावर एकदा तरी पाह्यलं का? तिच्याभोवती मात्र तीन-तीन चकरा मारत होते. दत्ताच्या वेळेस मी दवाखान्यात, पोटातून कळा, अन् तुम्ही दुपारी आले ते भिजलेले, चेहरा उतरलेला. मले वाटलं, माझ्यासाठी. तर तुम्ही म्हणता काय, "सोनीचा पंखा पाण्यातल्या बाभळीत अटकला, लई लागलं बिचारीले." बिचारी! मी तिथं बाळंत होऊन राह्यली होती, अवो!

म्हणूनच मी ठरवलं होतं, त्या बोटीवर पाय ठेवणार नाही. अडतीस वर्षं ठेवला नाही. तुमचा डबा काठावरच्या दगडावर ठेवून मी परत फिरायची. तुम्ही एकदा म्हटलं होतं, "चाल ना, धरणाच्या मधातलं पाणी दाखवतो, आरशासारखं असते." मी म्हटलं, "तिलेच दाखवा." तुम्ही डबा उचलून लाँचकडे गेले. परत विचारलंही नाही. काहून विचारलं नाही? एका नकारानं माणूस एवढा गप बसते का? दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी चप्पल घालून तयारच होती.

आता ते यवतमाळच्या दवाखान्यातलं लिहिते. लिहवत नाही, पण लिहिते.

शेवटची सकाळ. दत्ता औषध आणायले खाली गेलता. मी तुमचे पाय दाबून राह्यली होती. तुम्ही डोळे मिटलेले, अन् ओठ हलले. "सोने, निघू का?" साफ ऐकू आलं. माझ्या तोंडापर्यंत "ओ" आला, अन् मी दाबला. मनात आग पेटली. जन्मभर भाकरी मी टाकल्या, पाय मी दाबून राह्यली, अन् निघायच्या वेळेस विचारून राह्यले तिले! तुम्ही थांबले. तसेच कान देऊन थांबले, लाँचवर थांबत होते तसे. मग परत म्हटलं, "सोने, निघू का?" मी थर्मास उचलला अन् चहा आणायले निघून गेली. परत आली तेव्हा तुम्ही गेलेले होते.

तिसऱ्यांदा विचारलं का, ते मले माहीत नाही.

हे मी कोणाले सांगितलं नाही. दत्तालेही नाही.

परवा लाँच घेणारा माणूस आला, नांदेडकडचा. चांगला वाटला. म्हणे, नाव आम्ही आमचं टाकू. मी पदर खोचला. म्हटलं, "नाव मीच खरवडते." दत्ता म्हणे, "आई, तू कायले? पोरं करतीन ना." मी ऐकलं नाही. लोखंडी पट्टी घेऊन काठाले ओढलेल्या लाँचपुढे उभी राह्यली अन् "बाई"पासून सुरुवात केली. लई बरं वाटत होतं, खोटं कायले बोलू! तर मागून बाबू मिस्त्री आला. आता पिकला पुरा, काठी टेकते.

"वैनी, थांबा जराशा. स्वतःचंच नाव पुसून राह्यल्या तुम्ही."

"माझं कसं? सासूबाईचं हाये."

"मायले कोणी 'सोने' म्हणते का वैनी? पेंटर आलता तवा मी इथंच होतो. दादानं सांगितलं, सोनी लिव. त्यानं लिवलं. मंग दादालेच लाज वाटली. म्हणे, बायकोचं नाव बोटीवर पाहून तांडा चिडवीन, अन् घरात ते नाव याडीनं बंद केलं. पूस ते, सोनाबाई लिव. लोक मायचं समजतीन, अन् मले दिवसभर हाक माराले मोकळं."

मी म्हटलं, "मिस्त्री, इतकी वर्षं तुम्ही बोलले काहून नाही?"

"दादानं शपथ घातली होती ना. मले वाटलं, तुमाले माहीत असन."

माहीत असन! मले?

रडू यायच्या आधी राग आला, सांगून ठेवते. पहिला राग तुमचा. घरात चार भिंतींच्या आत, दार लावून, एकदा "सोने" म्हटलं असतं तर कोण ऐकणार होतं? याडी तर गेल्याच होत्या. भिंतीले लाजत होते का तुम्ही? अन् दुसरा राग मिस्त्रीचा. माझा "ओ", माझ्या हक्काचा "ओ", पस्तीस वर्षं त्या मिशीवाल्यानं देला! तो पाण्यावर ओरडे अन् तुम्ही खूश होऊन लाँच हाणत. अन् मी काठावर दात दाबून. आता मले लाँचची असूया वाटत नाही, मिस्त्रीची वाटते. त्याले आज पुरणपोळी दिली, पण तूप कमीच वाढलं.

मग मी लाँचवर चढली. दत्तानं हात धरला. तुमच्या त्या स्टुलावर बसली, सुकाणू धरलं. लोखंड तुमच्या हातानं गुळगुळीत झालेलं आहे, दोन जागी. काठालेच उभी होती लाँच, मधातलं पाणी काही दिसलं नाही. ते राह्यलंच. दत्ता म्हणे, "आई, रडून राह्यली का?" मी म्हटलं, "डोळ्यात रंग गेला."

नाव पुरं खरवडलं. माझं नाव परक्या पाण्यात कायले जाऊ देऊ? लाल रंगाचे पापुद्रे पदरात घेतले अन् तुमच्या चष्म्याच्या डबीत भरून ठेवले. सुनेले सांगितलं, आजपासून आधार कार्डावर काही का असेना, घरात मी सोनी. नात लगेच ओरडली, "सोनी आजी!" मी सैपाकघरातून "ओ" देला. इतक्या वर्षांनी देला, पण आवाज जुनाच निघाला.

अन् तुम्हाले एक वचन देते. आता रुसणार नाही. माझी वेळ येईन तेव्हा चुपचाप तुमच्याकडे येईन, अन् म्हणसान त्या बोटीवर बसीन, पहिल्याच बोलावण्याले. पण तिथं हाक चारचौघात मारायची. याडी शेजारी बसल्या असल्या तरी मारायची.

तोवर तुम्ही थांबू नका. तीन वर्षं झाली, तुम्ही अजून कान देऊन बसले असान, तुमचा स्वभाव मले ठाऊक आहे. "ओ" आल्याबिगर हलणार नाही. म्हणून आज लिहून देते.

ओ! दोर मी ओढून पाह्यला. पक्का आहे. निघा.

तुमची,
सोनी