दुधात उतरणाऱ्या गोष्टी

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुंगी मजेत आहे, तिचा बाप मजेत आहे, आणि मीही मजेत आहे असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. घंटी वाजली की तान्ही मुंगी दचकते आणि ती दचकली की सगळी गल्ली जागी होते. त्यापेक्षा पत्र बरं.

सध्या मी घरात हुकूमशहा झाले आहे. छापखान्यात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या, आता बाळंतपणाच्या रजेत घरातल्या काढते. आई जे खाते, हुंगते, अंगाला लावते ते सगळं दुधात उतरतं, असं कुठेतरी वाचलं आणि झालं! आधी नखांचा रंग गेला. मग केसांचा कलप, त्यामुळे माझा भांग खडू ओढल्यासारखा दिसतो. मग चहा, फरशी पुसायचं औषध, झुरळांची पावडर. झुरळांना बातमी लागली असावी. ती आता भरदिवसा ओट्यावरून फिरतात आणि मला बघून बाजूलाही होत नाहीत.

नवऱ्याचं तर विचारूच नकोस. लाकडाला पॉलिश करणारा माणूस तो, अंगभर थिनरचा वास. त्याला मी दारातच अडवते. मागच्या अंगणात नळाखाली साबण लावून आंघोळ, कपडे बाहेरच्या बादलीत, मगच आत. काल म्हणाला, लग्नाआधी तुझ्या बाबांनी केली नव्हती एवढी तपासणी तू रोज करतेस.

हस तू. मलाही हसू येतं. पण एवढंसं पोट आहे गं तिचं, आणि त्यात जे जातं ते माझ्यातूनच जातं.

लोभ आहेच, हे वाचून तो कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत वाचलं. झुरळांपाशी इतक्या जोरात हसले, की स्टिअरिंगवरच्या मुलीला वाटलं मी तिलाच हसले. तिने गाडी सरळ फुटपाथवर चढवली. माझ्या बाजूचा ब्रेक होता म्हणून एक फळवाला वाचला. तुझ्या वतीने त्याची माफी मागितली आहे.

आता हसणं पुरे. पत्रात नखांच्या रंगापासून झुरळांपर्यंत सगळं आलं, फक्त तुझ्या फिटच्या गोळ्या आल्या नाहीत. कॉलेजात पहिली फिट आली तेव्हापासून तू त्या गोळ्यांना शिव्या दिल्या नाहीस असं एकही पत्र मला आठवत नाही. त्यांनी झोप येते, तोंड कडू होतं, जाडी वाढते. या वेळी एक शिवी नाही? माझ्याकडे काही शिकाऊ असे येतात, की तिन्ही आरशांत इतकं बघतात की समोरचा खांब दिसत नाही.

गोळ्या घेतेस ना? हो की नाही, एवढंच लिही. आणि फोन उचल. फोनवर तुला खोटं बोलता येत नाही, म्हणूनच तू उचलत नाहीस असं मला वाटायला लागलंय.

मुंगीला पापा. तुलाही, पण उत्तर आल्यावर.

तुझी ताई

दि. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फळवाल्याचं वाचून वाईट वाटलं. मुंगी आता हसते. तिचा बाप म्हणतो त्याला बघून हसते. मी म्हणते, त्याच्या ओल्या केसांना बघून. तिच्या मांडीला वळ्या पडल्या आहेत.

तू विचारलंस त्याबद्दल काळजीचं काही कारण नाही. सगळं व्यवस्थित चालू आहे.

घाईत आहे, सांभाळून घे.

तुझी,
धाकटी

दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न.

मला पत्र लिहायची सवय नाही. काल तुम्हाला फोन लावला, पण वाजायच्या आतच ठेवून दिला. आधी हे वाचा: दोघी सुखरूप आहेत.

काल संध्याकाळी कामावरून आलो आणि नियमाप्रमाणे अंगणात साबण लावत होतो. आत मुंगी रडायला लागली. ती रडली की तिची आई लगेच तिच्याशी बोलते. ते बोलणं ऐकू येईना. तसाच फेसासकट आत धावलो. ही जमिनीवर पडली होती, हातपाय झटकत होती. मुंगी शेजारीच गादीवर होती. पाजून नुकतीच खाली ठेवली होती. जरा आधी झालं असतं तर काय, ते मला लिहवत नाही.

तुम्ही लग्नानंतर शिकवलं होतं तसंच केलं. कुशीवर वळवली, तोंडात काही घातलं नाही, डोक्याखाली टॉवेल दिला. घरात तेवढा एकच टॉवेल हाताशी होता. त्यामुळे रुग्णवाहिकेतले लोक आले तेव्हा मी कोणत्या अवस्थेत होतो ते विचारू नका.

शुद्धीवर आल्यावर तिने आधी मुंगी कुठे आहे विचारलं. मग सांगितलं, की मुंगी झाल्यावर घरी आलो तेव्हापासून गोळी घेतलेलीच नाही. ताई, रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला मीच हातात देत होतो. ती गोळी मुठीत ठेवायची आणि पाणी प्यायची. मी रिकामा पेला जागेवर ठेवायचो आणि आपण बायकोची किती काळजी घेतो म्हणून स्वतःवरच खूश व्हायचो. लाकडातली केसाएवढी चीर मला बोटाला कळते. आणि घरात माझ्यासारखा ठोंब्या दुसरा नाही.

तिला रागावा, पण थोडंच. उरलेलं मला रागावा.

आपला,
मुंगीचा बाप

दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर ओरडलीस ते बरं केलंस. त्याशिवाय मला रडू आलं नसतं.

काल डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा जाऊन आलो. गेल्या खेपेला गोळ्या का सोडल्या असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, की डबीतला बारीक अक्षरांचा कागद वाचूनच सोडल्या. काल त्यांनी तो कागद मलाच मोठ्याने वाचायला लावला. त्यात होतं, अंगावर पाजत असल्यास डॉक्टरांना विचारा. बस. लोकांच्या मजकुरात एक अनुस्वार सुटला तर मी छापखाना डोक्यावर घेते, आणि इथे अख्खं क्रियापद गाळून वाचलं!

का विचारलं नाही ते तुला खरं सांगते. त्या म्हणाल्या असत्या, पाजणं बंद कर, ही भीती होती. गोळी सोडणं मला सोपं वाटलं. मुंगी माझ्या कुशीत शिरते ते सोडणं जमलं नसतं.

बाई गेल्या खेपेलाच म्हणाल्या होत्या, तुझी ही गोळी दुधात उतरते, पण थोडी. मुंगी पोटात होती तेव्हा तिला याहून जास्त मिळत होती आणि तरी ती ठणठणीत जन्मली. सगळ्याच औषधांचं असं नसतं, म्हणून तर विचारायचं, मनाने सोडायचं नाही. पोर फार झोपाळू झाली, नीट ओढेना, वजन वाढेना, तर लगेच घेऊन ये. पाजायचं ते खाली गादीवर बसून, आणि एकटीने तिला आंघोळ घालायची नाही. चहा मला बेताने परत मिळाला, कलपही. नवऱ्याची आंघोळ मात्र त्यांनी कायम ठेवली. थिनरचा वास तान्ह्या पोरीजवळ नकोच म्हणाल्या. माझ्या एवढ्या कायद्यांतला एक नक्की बरोबर निघाला, तोही नेमका त्याच्या वाट्याचा.

गोळ्या त्या सांगतील तशा, बेताबेताने पुन्हा सुरू आहेत. पहिल्या दिवशी गोळी गिळून मुंगीला भीतभीतच पाजायला घेतलं. तिला काही पत्ता नव्हता. पोटभर प्याली आणि झोपली. मी बघत बसले. ही नेहमीची झोप की गोळीची झोप? छाती हलतेय ना? जरा जास्तच शांत नाही ना? शेवटी राहवेना, तिला गदागदा हलवून उठवली. ताई, तिने असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. इतकं सुरेल मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. नवरा धावत आला आणि म्हणाला, झोपलेलं पोर मुद्दाम उठवणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली. मी तिला उराशी धरून हसत होते आणि ती तारस्वरात रडत होती.

रोज उठवू नकोस एवढं मात्र मला फोनवर सांग. मी उचलेन.

माया अशीच राहू दे, आणि ओरडणंही.

तुझी,
धाकटी