शेपूट खांबाची

ता. ४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि. नमस्कार रागानेच करतो आहे, पण करतो आहे.

काल आमच्या साहेबांनी एक खेळणं माझ्या टेबलावर आणून आदळलं. हातभर डायनासोर. मान मागे वळलेली, डावा पाय उचललेला, शेपूट डावीकडे वाकलेली. म्हणजे आमच्या संग्रहालयाच्या मोठ्या दालनातला, मी उभा केलेला सांगाडाच, वर कातडं चढवलेला. साहेबांनी विचारलं, मापं बाहेर कुणी दिली? पंधरा तारखेच्या आत लेखी उत्तर मागितलंय. नाही दिलं तर नव्या देवमाशाचा सांगाडा दुसऱ्याच्या हाती जाणार. त्या देवमाशाची मी अकरा वर्षं वाट पाहतोय, तुला माहीत आहे.

खेळण्याच्या पोटाखाली तुझ्या कारखान्याचा शिक्का आहे. गेल्या महिन्यात मला भेटायला म्हणून आलीस आणि मी जेवायला गेलो तेवढ्यात दालनात एकटीच काय करत होतीस? खरं सांग. घरी सगळे बरे असतील. आमच्याकडे बरं नाही.

तुझा,
हाडक्या

ता. ७ मार्च

चि. हाडक्यास, अनेक आशीर्वाद, त्यातला एक पाठीत.

काय करत होते म्हणजे? मोजत होते. दोरीनं, गाठी मारून. त्यात लपवायचं काय? आमच्या मालकांना डायनासोरचा साचा हवा होता. चित्रांच्या पुस्तकात बघितलं तर एक चित्र दुसऱ्याशी जुळेना. म्हटलं, आपल्या भावानं उभा केलाय, तो खराच असणार. भावावर विश्वास ठेवला ही माझी चूक.

आणि मला एक सांग, ते जनावर काय मृत्युपत्रात तुझ्या नावावर करून गेलं? हाडं जमिनीतली. जनावर मेलेलं. ते उभं राहायचं तसं उभं आहे, त्यात तुझं काय गेलं? शेजारची म्हैस मी मातीत केली तर गवळ्याला विचारू का? तुझ्या साहेबांना सांग, हाडांना मालक नसतो. चौथी शिकलेल्या बाईला कळतं ते त्यांना कळू नये?

जेवत जा वेळेवर. माझा लोभ आहे तसाच आहे, तू डोकं तेवढं ताळ्यावर ठेव.

तुझी,
ताई

ता. १० मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

म्हैस आपली आपण उभी राहते, ताई. हाडं राहत नाहीत. ती माझ्याकडे चार खोक्यांतून आली, सरपणासारखी. मान कुठे वळायची, कुठला पाय उचलायचा, हे त्यातलं एकही हाड सांगत नव्हतं. हाडं जुळतील एवढंच बघायचं, पुढचं सगळं मी ठरवलं. चार महिने लोखंडी सळ्या वाकवत होतो. ते तू एका दुपारी दोरीत बांधून नेलंस.

आणि नेलंस तेही डोळे मिटून! शेपूट डावीकडे का वाकली आहे, माहीत आहे? तिथे दालनाचा खांब आहे. सरळ केली असती तर खांबाला धडकली असती. आता गावभर पोरांच्या हातात जे डायनासोर आहेत, ते सगळे मोकळ्या जमिनीवर नसलेला खांब चुकवत चाललेत.

एक गोष्ट कधी सांगणार नव्हतो. मान काही केल्या सुचत नव्हती. मग तू आठवलीस. भांडण संपवून निघालेली, एक पाय उंबऱ्यावर उचललेला, आणि शेवटचं सुनावायला मान मागे वळवलेली. तशीच्या तशी बसवली. तेव्हा गवळ्याचं मला सांगू नकोस.

पंधरा तारीख जवळ आली. काय लिहू, सुचत नाही. रागावूनही तुझाच,
हाडक्या

ता. १४ मार्च

चि. हाडक्यास, अनेक आशीर्वाद, या वेळी सगळे डोक्यावर.

पत्र वाचून आधी आरशासमोर उभी राहिले. पाय उचलला, मान वळवली. तुझे भावोजी म्हणाले की हे जनावर ते लग्नापासून बघताहेत, तिकीट न काढता. त्यांचं नंतर बघते. पण चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच! इतकी वर्षं गाव माझी मान बघतंय, आणि मला विचारलंस का रे? मी गवळ्याला विचारलं नाही, तू म्हशीला.

पण चार महिने तुझे होते, हे मला ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं. म्हणून काल थेट तुझ्या साहेबांकडे गेले, दोरी घेऊनच. सांगितलं की मापं मी घेतली, भाऊ जेवत होता. त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, तो सांगाडा कुणी कसा ठेवलाय त्याला काय मोल आहे, बाहेरची बाई दोरीनं नेते तर. माझं डोकं फिरलं. निघता निघता दारात थांबून त्यांना म्हटलं की हाडं खोक्यात होती तेव्हा तुमच्याच्यानं का उभी राहिली नाहीत. ते बघतच राहिले. आधी माझ्याकडे, मग दालनातल्या सांगाड्याकडे, मग माझ्या उचललेल्या पायाकडे. हसू आवरेना त्यांना. देवमासा तुझा. उत्तर लिहायचं नाही.

जुना साचा मी फोडला. नव्याची शेपूट सरळ आहे, आणि पोटाखाली लिहून घेतलंय, उभा करणारा हाडक्या. मालक कुरकुरले, कुरकुरू देत. हिशेब साधा आहे: हाडं जमिनीची, मेहनत तुझी, ऐट माझी, शेपूट खांबाची.

लोभ वाढवायला पत्र नको, स्वतः ये.

तुझी,
ताई

ता. क. देवमाशाला मान नसते म्हणतात, पण तुझा काय भरवसा. माझं तोंड त्याला द्यायचंच असेल तर या वेळी आधी विचार.