मायनं नेलेलं पाणी

कासारखेडा,
दि. १९ एप्रिल २०२५

ती. संघदीपदादास,
धाकटी बहीण धम्मदीपाचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर धड बोलता येत नाही. मामाजी बाजूलेच बाज टाकून बसतात अन् सुनेचं बोलणं झालं की त्याच्यावर मत देतात. म्हणून पोस्टानं लिहून राह्यली. हसू नको.

माय भीमजयंतीले आलती, तिले काल आसेगावहून एसटीत बसवून देलं. बोरवाडीत नळाले धार नाही, म्हणून इथं तिनं डोक्यावरून आंघोळ केली, तेही दोनदा. मले म्हणे, पोरी, तुह्या गावचं नशीब चांगलं. निघताना मी लुगडं काढलं तं तिनं ते परत कपाटात ठेवलं. म्हणे, द्यायचंच असन तं पाणी दे. दोन कॅन भरून नेले अन् वरून आशीर्वाद देला की तुह्या घरचं पाणी कधी न आटो.

दादा, तुले तं सारं माहीत आहे. नळयोजनेची लाइन एकच, आमचं गाव पहिलं अन् आपलं बोरवाडी शेवटचं. आमच्या नळाले पाणी ओढणारा टिल्लू पंप आहे. पाणी आलं की बटन मीच दाबते. पुढं लाइन कोरडी पडते हे मले समजते, पाणी सोडणाऱ्या वॉलमनची बहीण आहे मी. मार्चात तू योजनेच्या साहेबासंग पंप जप्त करायले आलता, तवा मी तो गव्हाच्या कोठीत दडवला, अन् तू दारातूनच म्हटलं की इथं पंप नाही. आता मायले तिचंच पाणी कॅनमध्ये भरून देलं अन् वरून आशीर्वाद घेतला. तवापासून घास उतरत नाही. तू काही तरी बोल, शिव्या दे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नको.
तुही,
धम्मदीपा


बोरवाडी,
दि. २७ एप्रिल

चि. धम्मदीपास,
संघदीपचा जय भीम अन् आशीर्वाद.

पत्र पोचलं. शिव्या देल्या असत्या, पण माहं तोंड कुठं आहे?

मायनं ते पाणी गल्लीत घरोघरी लोटा लोटा वाटलं. लेकीच्या गावचं आहे म्हणे, गोड लागते. मलेही एक गिलास ठेवला होता. ती समोर बसली होती म्हणून प्यालो.

पाण्याच्या पाळीच्या दिवशी मी वॉल पूर्ण खोलतो, तरी आपल्या टाकीत पाणी चढत नाही. लोक माह्या नावानं खडे फोडतात. शेजारची अंजनाकाकू तं तोंडावर म्हणते, बाबू, आमच्या वाटचं पाणी विकतं का रे? मी खाली पाहून निघून येतो. तुहं दार सोडलं त्या दिवशी साहेबही हसले, म्हणे वॉलमनच्या बहिणीच्या आळीत काय पाहायचं, चला. सारी आळी तशीच सुटली. हे तुह्या डोक्यावर नाही, माह्या डोक्यावर आहे.

पुढच्या हप्त्यात परत तपासणी आहे. यावेळी खोटं बोलणं होणार नाही. पण मामाजीनं तुले घरातून काढलं तं काय, या विचारानं झोप लागत नाही. तू नको म्हटलं तं मी सुट्टी टाकतो, दुसरा कोणी येईन. जावईपाव्हण्याले जय भीम सांग.

तुहा दादा,
संघदीप


कासारखेडा,
दि. १० मे

ती. दादास,
जय भीम वि. वि.

सुट्टी टाकली नाही, बरं केलं. तू माह्याकडं न पाहता पंप उचलला, तेही बरं केलं. पाहिलं असतं तं मी रडली असती.

तुमची जीप यायच्या आधीच मी तो कोठीतून काढून ओट्यावर ठेवला होता. मामाजी म्हणे, सून आणली का दुश्मन? पण वॉलमनच्या बहिणीचाच पंप जीपमध्ये गेल्यावर आळीत कोणाले बोलायले जागा राह्यली नाही. शेजारच्या हेमसिंगभाऊनं तं आपला पंप आपल्या हातानं काढून देला.

आता आमच्या नळाले करंगळीएवढी धार आहे. मामाजी माह्याशी बोलत नाहीत, चहा पाहिजे तं पोराले सांगतात, अन् हे येऊन मले सांगतात. बायाही तोंड फिरवतात. पण जेवण जाऊन राह्यलं. मायले तू काही सांगू नको, मी येऊन सांगीन. तिकडं पाणी आलं का तेवढं कळव.

माया असू दे.
धम्मदीपा


बोरवाडी,
दि. २१ मे

चि. धम्मदीपास,
अनेक आशीर्वाद.

आलं. टाकी अर्धी भरली अन् नळाले धार लागली. माय किती तरी वेळ धारेखाली हात धरून बसली होती. अंजनाकाकूनं मले चहाले बोलावलं. मी गेलो नाही, जाववलं नाही.

पण दुसऱ्याच दिवशी कोणी तरी मायले सांगतलं की तुह्या गावचं पाणी कमी झालं. तशी ती जेवता जेवता उठली. म्हणे, मी एवढा तोंड भरून आशीर्वाद देला, तो काहून लागला नाही? माहीच नजर लागली का पोरीच्या नळाले? मी सांगणार होतो, पण तू नको म्हटलं होतं, म्हणून तिचं ताट झाकून ठेवलं.

मग तिनं तेच दोन कॅन घासले, आपल्या नळाचं पाणी भरलं, झाकणाखाली प्लास्टिकची पन्नी लावली अन् मले म्हणे, पोरीले नेऊन दे, ती कोणाजवळ मागणार नाही. उद्याच्या एसटीत ड्रायव्हरजवळ कॅन अन् ही चिठ्ठी देऊन राह्यलो. पी, अन् मामाजीलेही दे.

एक आहे. रिकामं भांडं परत धाडायचं नसते, हे तुले मायनंच शिकवलं. तवा त्या कॅनमध्ये काही भरू नको. कॅन घेऊन तू ये, अन् येऊन सांगीन म्हटलं ते मायले सांग. माय रोज नळाजवळ बसून सोताले दोष देऊन राह्यली, अन् ते मले पाहवत नाही.

वाट पाहतो.
तुहा,
संघदीप