दिवे धुण्याआधी तपासावेत

प्रति,
मा. मुख्य वाहन तपासणी अधिकारी,
वाहन योग्यता तपासणी केंद्र,
तिसरा मजला.

विषय : टॅक्सीच्या उजव्या हेडलाइटमध्ये दमटपणा आढळल्याने तीन वेळा नाकारलेले योग्यता प्रमाणपत्र, तसेच सदर दमटपणा नेमका कोठून येतो याबाबत.

संदर्भ : आपल्या केंद्राचे दि. ३, १२ व २१ चे नापास शेरे. तिन्हींचा मजकूर एकच असल्याने येथे पुन्हा उतरवलेला नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो, ते असे :

१. अर्जदार एकोणीस वर्षे टॅक्सी चालवत असून दि. ३ पूर्वी त्याची गाडी कोणत्याही तपासणीत नापास झालेली नव्हती. दि. ३ रोजी काचेच्या आत धुके दिसले, हे खरे आहे. अर्जदाराने त्याबद्दल तक्रार केली नाही. घरी येऊन त्याने हेडलाइटचे मागचे झाकण उघडले व पत्नीचा केस वाळवायचा ड्रायर मंद आचेवर अर्धा तास आत धरला. मंद अशासाठी की जास्त उष्णतेने काच तडकते. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या, ओल शोषणाऱ्या चार पुड्याही रात्रभर आत ठेवल्या. सकाळी दिवा ठणठणीत कोरडा होता. ड्रायर मात्र त्या दिवसापासून केस वाळवत नाही, आणि याबाबत घरात जे ऐकावे लागते ते आपल्या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.

२. दि. १२ रोजी पुन्हा तोच शेरा मिळाल्यावर अर्जदार गॅरेजवाल्याकडे गेला. हेडलाइटला मागून दोन बारीक भोके असतात. आतली वाफ त्यांतून बाहेर पडते. गॅरेजवाल्याने पाणी तेथूनच शिरते असे ठरवून दोन्ही भोके सीलंटने बुजवली, आणि बॅटरी धरून उजेड दाखवायला अर्जदारच उभा होता. दुसऱ्या दिवशी काचेच्या आतून थेंब ओघळू लागले. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झाले, हे अर्जदार लपवत नाही. त्याने सीलंट खरवडून काढले, भोके मोकळी केली, काचेभोवतीची रबरी पट्टी नवी बसवली आणि खात्रीसाठी दारात गाडीवर पाच बादल्या पाणी ओतले. आत एक थेंब गेला नाही. शेजाऱ्यांपैकी दोघे साक्षीला आहेत.

३. यानंतर दि. २१ रोजी जे घडले त्यासाठी हा अर्ज आहे. आपल्या फाटकावर यंदापासून "वाहन धुतल्याशिवाय रांगेत प्रवेश नाही" अशी पाटी आहे आणि धुतल्याचा शिक्का असल्याशिवाय तपासनीस गाडीकडे पाहत नाहीत. तेथील पाइपवाले गृहस्थ जोरदार फवारा काचेपासून एका वितीवर धरून, नेमका पट्टीच्या फटीवर मारतात. अर्जदाराने त्या दिवशी हे प्रथमच नीट पाहिले, कारण आधीच्या दोन्ही वेळी तो शिक्क्याच्या खिडकीपाशी उभा होता. त्याने पाइप जरा लांब धरा म्हणून विनंती केली. त्यावर ते म्हणाले, "साहेब आधी दिवेच बघतात हो. दिवा चकचकीत नसला तर बोलणी मला बसतात." त्या बिचाऱ्यांचे काही चुकत नाही. पुढे नियमाप्रमाणे दिवे पेटते ठेवून वीस मिनिटे रांगेत थांबावे लागते. दिवा तापतो, शिरलेल्या पाण्याची वाफ होते, वाफ थंड काचेवर बसते आणि तपासनीस बरोबर त्याच क्षणी वाकून पाहतात. कुंपणच शेत खाते म्हणतात, ते याहून वेगळे नसावे.

४. अर्जदाराने हे सर्व तपासनीसांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पाणी कुठून आलं, हे फॉर्ममध्ये विचारलेलं नाही." न धुता रांगेत सोडा म्हटल्यावर खिडकी क्र. ४ ने खिडकी क्र. ७ कडे पाठवले आणि खिडकी क्र. ७ ने जेवणाची सुट्टी झाल्याचे सांगितले. अर्जदार चिडला व काउंटरवर हात आपटला. त्याबद्दल तो दिलगीर आहे, पण फारसा नाही.

५. आता मूळ गोष्ट. अर्जदाराची थोरली बहीण आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. तिची दोन्ही मूत्रपिंडे थकली आहेत, अंगात साठणारे पाणी यंत्राने काढावे लागते. गेली चार वर्षे तिला अर्जदारच नेत होता. प्रमाणपत्र नसलेली टॅक्सी केवळ आपल्या केंद्रापर्यंतच आणता येते, म्हणून गाडी दारात उभी आहे. इतर टॅक्सीवाल्यांनी दोनदा नेले. तिसऱ्यांदा परतताना ताईला उलटी झाली, तेव्हापासून कोणी फोन उचलत नाही. मागच्या मंगळवारी ती अर्जदारासोबत दोन बस बदलून पोहोचली तोवर तिचे यंत्र दुसऱ्या रुग्णाला लागले होते. तिचे पाय इतके सुजले की चपला अर्जदाराने हातात धरून आणल्या. घरी आल्यावर ती म्हणाली, "अरे, माझ्यातलं पाणी काढायला यंत्र तरी आहे. तुझ्या दिव्यातलं काढायला अख्खं ऑफिस कमी पडलं का?" ती हसत होती. अर्जदाराला हसता आले नाही. त्याला भीती वाटते.

६. सबब नम्र विनंती अशी की, अर्जदाराला सूट नको, सवलत नको. पुढील तारीख दि. ३०, सकाळी नऊची आहे. त्या दिवशी उजवा दिवा आधी तपासावा व मग गाडी हवी तितकी धुवावी. ताईची वेळ अकराची असून रुग्णालय आपल्या केंद्रापासून दोनच सिग्नल पुढे आहे. म्हणून ती गाडीत मागे बसलेली असेल, हे नियमात बसत नसल्यास आधीच कळवीत आहे. क्रम बदलणे शक्य नसल्यास तसे आपण स्वतः तिला सांगावे. ती जिने चढू शकत नाही, तरी कृपया फाटकापर्यंत खाली यावे.

आपला, आणि अजून तरी नम्रच,
(सही)
अर्जदार टॅक्सीचालक
दि. २४

सोबत : तीन नापास शेऱ्यांच्या प्रती, रुग्णालयाच्या कार्डाची प्रत, हुकलेल्या मंगळवारासह.