मास्तरीणबाई मागे का बघतात

३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस. फोनच केला असता, पण या तीन खोल्यांत बाबांच्या कानांपासून काही लपत नाही. डोळे गेल्यापासून शेजारच्यांनी डबा उघडला तरी त्यांना ऐकू येतं. शिवाय फोनवर आपलं भांडण होतं. पत्रात निदान तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तुझ्या कुत्रीने माझ्या नाकी नऊ आणलेत. तू पंधरा दिवस राहून तिला बाबांच्या हाती सोपवलंस, तोवर सगळं सुरळीत होतं. तुझी पाठ वळली आणि बाईंचे रंग दिसायला लागले. रोज संध्याकाळी बाबा तिला घेऊन निघतात. जिना उतरतात, गल्ली संपवतात, बेकरीपाशी मोठ्या रस्त्याच्या कडेला येतात आणि तिथे घोडं अडतं. रस्ता मोकळा असला तरी ती मान मागे वळवते आणि फतकल मारून बसते. बाबा आधी चल म्हणतात, मग तिच्या पाठीवरच्या पट्ट्याचं हँडल हलवतात, मग ओरडतात, आणि मग दोघं परत. बागेचं फाटक तिथून समोर आहे, पण आठवडाभरात एकदाही तिथवर पोचलेले नाहीत.

बाबांनी तिचं नाव मास्तरीणबाई ठेवलंय, कारण प्रत्येक पायरीपाशी ती त्यांना थांबवते. जन्मभर बस हाकली, आता मला एक कुत्री हाकणार, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. कालपासून तेही बंद झालंय. नुसते खुर्चीत बसून असतात. आंधळ्यांना वाट दाखवायला कुत्री शिकवणाऱ्या तुमच्या केंद्रात तिने काय दिवे लावले होते कोण जाणे, इथे मात्र उजेड पडलेला नाही. काय करायचं ते लवकर कळव.

तुझ्यावरचा लोभ कायम आहे, कुत्रीवरचा रोज थोडा आटतोय.

तुझा,
दादा

८ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

कुत्री ‘माझी’ कधीपासून झाली? परीक्षेत पहिली आली तेव्हा तर तू सगळ्यांना ‘आमची’ म्हणून सांगत होतास.

दोन वर्षं वाढवलंय मी तिला. छत्रीला घाबरायची, तर छत्री आधी मैदानाच्या पार पलीकडे उघडायची, मग रोज थोडी जवळ, शेवटी तिच्या नाकासमोर. फुगे, चाकांच्या बॅगा, हेल्मेट घातलेली माणसं, जमिनीवर सांडलेलं खाणं, सगळ्यांची सवय अशीच केली. जिथे ती बिचकेल तिथून एक टप्पा मागे यायचं आणि पुन्हा सुरू करायचं. भीतीशी कुस्ती खेळायची नसते, तिला कंटाळा आणायचा असतो. हे मी नवीन शिकाऊ मुलींना रोज सांगते, आणि माझ्याच घरातून तक्रार येते म्हणजे काय म्हणायचं.

माझा संशय बसच्या ब्रेकवर आहे. बेकरीसमोर थांबा आहे ना, तिथे बस थांबताना जो फुस्स आवाज होतो, तो तिला इथे फारसा ऐकायला मिळाला नव्हता. तर असं कर. हँडल न लावता, नुसत्या पट्ट्यावर तिला ने आणि थांब्यापासून लांब उभा राहा. दर आवाजाला एक बिस्किट. ती आरामात उभी राहिली की थोडं पुढे सरक. घाई करू नकोस. आणि जेवण तिला फक्त बाबांनीच द्यायचं, हे विसरला नसशील.

एक गोष्ट नीट ऐक. केंद्राच्या मोठ्या बाई मार्चमध्ये स्वतः बघायला येणार आहेत. तोवर ही जोडी एकट्याने रस्ता ओलांडत नसेल, तर कुत्री रांगेतल्या पुढच्या माणसाकडे जाईल, आणि आपली पाळी पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. मी निघाले त्या दिवशी बाबा मला म्हणाले होते, की कोणी कोपर न धरता मला एकदा घराबाहेर जायचंय. दुसरं काही मागितलं नाही त्यांनी.

कळावे. लोभ असू दे, आणि खिशात बिस्किटं.

तुझी,
ठमी

१५ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तू सांगितलंस तसं सगळं केलं. कामावरून सुटलो की दमल्या पायांनी मी आणि बाई बसथांब्याच्या वाऱ्या करतो. लोक विचारतात, बस सोडलीत का म्हणून. पहिल्या दिवशी लांब उभे राहिलो, मग पानवाल्यापर्यंत, काल तर थेट थांब्याच्या खांबाला टेकून. बस आली, अगदी तिच्या कानाशी फुस्स झालं, आणि तिने जांभई दिली. पुडाभर बिस्किटं मात्र संपवली.

तेव्हा ब्रेक नाही. मग आहे तरी काय? काल संध्याकाळचंच सांगतो. बाबा बेकरीपाशी उभे. डावीकडून एक टेम्पो गेला, मग रस्ता पूर्ण रिकामा. बाबा चल म्हणाले. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, एक पाय पुढे टाकलासुद्धा. आणि मग मान वळवून चपलांच्या दुकानाकडे बघत बसली. वर शेपूट हलवतेय. त्या दुकानात असं काय ठेवलंय ते मला कळत नाही. बाबांचे कान लाल झाले होते, रात्री अबोला धरायच्या आधी होतात तसे.

घरी येऊन त्यांनी हँडल खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, आता मला बाहेर न्यायचं तर तूच ने. जेवलेही अर्धेच. ठमे, मी हात टेकले. हिला घेऊन जा आणि दुसरी एखादी धड असेल तर बघ.

तुझा लोभ हवाच, पण त्याआधी उपाय हवा.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

दादास,

सा. न. वि. वि. आज लिहिलेलं नाही, ते मुद्दाम.

संध्याकाळी तू घरी बसून त्यांची वाट बघतोस, असं ठरलं होतं ना? मग बाबांचे कान लाल झालेले तुला तिसऱ्या मजल्यावरून दिसले? टेम्पो डावीकडून गेला, हे तुला कुत्रीने येऊन सांगितलं? चपलांच्या दुकानात काय ठेवलंय म्हणून विचारतोस. तिथे तू आहेस, दादा. तुला बघून ती शेपूट हलवते.

मी इथे मोठ्या बाईंसमोर मान खाली घालून सांगितलं, की माझ्याच शिकवण्यात काहीतरी राहिलं असेल. चांगली तोंडघशी पडले. आणि नुसतं मागे जाणं एवढंच नसणार. पहिल्याच दिवशी कधीतरी तू धावत जाऊन बाबांना धरलं असशील, थांबा म्हणून ओरडला असशील. मी तुला ओळखते. अरे, रस्ता ओलांडायचा की नाही, हे तिने ठरवायचं असतं. बाबा चल म्हणाले आणि गाडी येत असली, तर तिने त्यांचं न ऐकता उभं राहायचं. हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तिने ठरवलं आणि मागून तू मध्ये पडलास, तर तिने काय समजायचं? की इथे ठरवणारा दुसराच आहे, तो येईपर्यंत बसावं. ती बिघडलेली नाही, ती तुझी वाट बघतेय.

तेव्हा आता शिकवणी तिची नाही, तुझी. छत्रीसारखीच. आधी गल्लीच्या तोंडापर्यंतच जायचं आणि तिथून हलायचं नाही. ते जमलं की जिन्याखाली. मग घरात, दार लावून. जीव घाबरला तर एक टप्पा मागे. बक्षीस म्हणून तिची बिस्किटं खाल्लीस तरी हरकत नाही, बरी लागतात.

आणि बाबांना खरं सांग. त्यांना न सांगता हे सुरू करायचं नाही.

लोभ आहे, म्हणूनच एवढी चिडले.

ठमी

२७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

हो. पहिल्याच दिवशी एक सायकलवाला वळणावरून आला आणि मी जाऊन बाबांचा दंड धरला. तेव्हापासून रोज मागे असतो. रबरी तळव्याचे बूट घालतो, कामावरचे.

तुला चिडायला काय जातं. गेल्या वर्षी खोदलेल्या चरात ते पडले तेव्हा तू इथे नव्हतीस. मी पोचलो तर काठी तुटून पडलेली, कपाळाला रुमाल, कॉलरपर्यंत रक्त, आणि हे मजुरांशी गप्पा मारत बसलेले. त्यानंतर महिनाभर मला झोप नव्हती. लिफ्ट दुरुस्त करताना दोर मी दोनदा तपासतो आणि तरी निघताना पुन्हा हात लावून बघतो. माझी रोजी त्यावर चालते. बापाला एका कुत्रीच्या भरवशावर रस्त्यात सोडून घरी हातावर हात धरून बसायचं, हे मला जमत नाही, त्याला मी काय करू.

बाबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की कधीपासून. पहिल्या दिवसापासून, म्हणालो. मग दोन दिवस माझ्या हातून पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, म्हणजे मी एकदाही एकटा गेलोच नव्हतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिकवणीचं म्हणशील तर विद्यार्थी ढ आहे. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी थांबायचं होतं, भानावर आलो तेव्हा बेकरीच्या पायरीवर होतो. बाई माझ्याकडे बघून बसल्या होत्याच. दुसऱ्या दिवशी बूट शेजारच्या काकूंकडे ठेवायला दिले. त्यांना वाटलं आमच्याकडे भांडण झालंय. मग गल्लीचं तोंड जमलं. काल जिन्याखाली उभा होतो, कठडा घट्ट धरून. बाबा बऱ्याच वेळाने आले ते तणतणतच. पँटला मागून हिरव्या रंगाचे पट्टे. बाकाला रंग दिलाय तर पाटी लावायला नको का, म्हणून मलाच झापलं.

बाक बागेत आहे, ठमे. रस्ता ओलांडला त्यांनी. आणि इतके दिवस ज्याच्यासाठी मागे मागे फिरलो, ते झालं तेव्हा मी जिन्याखाली होतो. आनंद झालाच, पण चरफडलोही.

लोभ कमी करू नकोस. विद्यार्थी प्रयत्न करतोय.

तुझा,
दादा

४ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि. (आज भरघोस.)

पँट धुवू नकोस. मला बघायचीय.

मोठ्या बाई दहा तारखेला येतील. त्या लांबून मागे चालतील, तू नाही. तू स्वयंपाकघरात, दार लावून. खिडकीही नको, कारण खिडकीतून तू हाक मारशील. आणि त्यांनी पास केलं म्हणजे तुझी सुटका झाली असं समजू नकोस. तुझी खरी परीक्षा दुसऱ्या दिवसापासून, जेव्हा मागे कोणीच नसेल.

खरं सांगू, प्रत्येक कुत्रं दुसऱ्याच्या हाती दिल्यावर मीही आठवडाभर कोणाशी धड बोलत नाही. तेव्हा फार हिणवत नाही तुला.

लोभ पुरवून पुरवून वापर म्हणणार होते, पण तुझ्यासाठी भरपूर आहे.

तुझी,
ठमी

१३ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

दहा तारखेचं तुला मोठ्या बाईंकडून कळलंच असेल. त्या फारसं बोलल्या नाहीत. मास्तरीणबाई आता इथल्याच, एवढं सांगून गेल्या. बाबांनी त्यांना चहा दिला आणि कप स्वतः विसळला.

आता कालचं ऐक. बाबा रोजच्या वेळी निघाले. मी घरातच, दार लावून. रोज परत यायची वेळ झाली, टळली. रस्त्यावरचे दिवे लागले. बूट काकूंकडून परत आणले, घातले, काढले, पुन्हा घातले. तुझ्या नावाने खडे फोडले, कुत्रीच्या नावाने फोडले. एकदा दोन जिने उतरून गेलो आणि परत वर आलो. ते परत येणं मला किती जड गेलं, ते लिहून कळणार नाही.

शेवटी जिन्यावर तिच्या नखांचा आवाज आला. बाबा आत आले, नेहमीसारखे. मला भयंकर संताप आला होता. कसंबसं विचारलं, की एवढा वेळ कुठे होतात. तर म्हणाले, बाहेर.

एवढंच. कॉलेजात असताना आपण दोघं त्यांना हेच सांगायचो आणि ते दारात उभे राहून आपल्याकडे बघत राहायचे. मग त्यांनी तिचा पट्टा काढला, तिला जेवण वाढलं आणि हात धुवायला गेले. चेहरा इतका निवांत मी कित्येक दिवसांत बघितला नव्हता. मी आत जाऊन नळ सोडला आणि रडलो.

कुठे गेले होते ते मला अजून माहीत नाही. पुन्हा विचारलं नाही, विचारणारही नाही. तुला कधी सांगितलं, तर मला कळवू नकोस.

लोभ आहेच, यापुढे जरा लांबून करायला शिकतोय.

तुझा,
दादा